सवलतीतला तयार गेमिंग पीसी आणि त्याची पुढची पाच वर्षे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा मुलगा नागपुरात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्याला गेम खेळण्याबरोबर ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडीचे कामही शिकायचे आहे. सीताबर्डीवरच्या एका शोरूममध्ये एक तयार गेमिंग डेस्कटॉप सवलतीत मिळतो आहे. त्यात इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ प्रोसेसर, एच६१० चिपसेटचा (म्हणजे नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ८ जीबीचे आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारी डबी), विंडोज ११ होम आणि एक वर्षाची वॉरंटी आहे. छापील किंमत १,०९,९९९ रुपये, ऑफरची किंमत ६९,९९० रुपये. ओळखीच्या असेंबल करणाऱ्याने याच प्रोसेसरचा व याच कार्डाचा, पण १६ जीबी रॅम आणि पाच वर्षांच्या वॉरंटीचा ५५० वॅटचा एसएमपीएस असलेला पीसी ७८,००० रुपयांना, विंडोजशिवाय, सांगितला आहे. यांतले काय घ्यावे, आणि तयार पीसी घेतला तर दोन-तीन वर्षांनी त्यात सुधारणा करता येईल का, असे तुम्ही विचारता.

माझे उत्तर ‘घ्यायला हरकत नाही’ असे आहे, पण त्याआधी कॅबिनेटच्या आतल्या तीन वस्तू डोळ्यांनी पाहून घ्या: एसएमपीएस, मदरबोर्ड आणि खुद्द कॅबिनेट. जाहिरातीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठळक अक्षरांत असतात आणि या तिन्हींविषयी एखादी ओळही नसते. पुढे पीसी वाढवता येईल की नाही हे मात्र याच तीन वस्तूंवर ठरते. गेली वीस वर्षे मी पीसी जुळवतो आणि दुरुस्त करतो. अपग्रेडसाठी आलेले ग्राहक निराश होऊन परत गेले ते बहुतेक वेळा या तिघांपैकी कशामुळे तरीच.

आधी सवलतीविषयी. छापील किंमत बाजूला ठेवा, कारण त्या किमतीला हा पीसी कोणी विकत नाही आणि कोणी घेतही नाही. सवलत मोजायची ती सुट्या भागांच्या आजच्या बेरजेशी. ही सवलत का दिली जाते आहे, हेही उघड आहे. आरटीएक्स ४०६० जून २०२३ मध्ये आले आणि मे २०२५ मध्ये त्याच्या जागी आरटीएक्स ५०६० आले, त्यामुळे जुन्या कार्डाचे तयार पीसी विक्रेत्यांना मोकळे करायचे आहेत. यात फसवणूक काही नाही. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर हे कार्ड आजही चांगले चालते. उलट एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे वळवली आणि डीडीआर४ चे उत्पादन आवरते घेतले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. जो तयार पीसी भाव चढण्याआधी जुळवला गेला, त्यातली रॅम जुन्या भावाची असते. ‘स्वतः जुळवलेला पीसी नेहमी स्वस्त पडतो’ हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलेलो वाक्य सध्या डोळे झाकून सांगता येत नाही.

मात्र तुमच्यासमोरच्या दोन आकड्यांची तुलना सरळ होत नाही, कारण दोन्हींत मिळणाऱ्या वस्तू सारख्या नाहीत. ८ जीबी रॅमवर तुमच्या मुलाचे काम भागणार नाही, म्हणून दुसरी ८ जीबीची पट्टी पहिल्याच दिवशी लागेल. तुम्ही विचारलेल्या भावाने ती ५,५०० रुपये. म्हणजे किंमत ७५,४९० झाली. एसएमपीएस बदलावा लागला तर आणखी सुमारे ४,५०० रुपये, म्हणजे ७९,९९०. एसएमपीएस चांगला निघाला तर असेंबल केलेल्या पीसीपेक्षा अडीच हजार वाचतात आणि विंडोज पदरात पडते. तो वाईट निघाला तर दोन्ही सौदे जवळपास सारखेच ठरतात आणि मग वॉरंटीच्या दृष्टीने असेंबल केलेला बरा. सगळा व्यवहार असा एका लोखंडी डबीवर येऊन ठेपतो.

म्हणून त्या डबीकडे नीट पाहू. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याने माझ्याकडे एक तयार पीसी आणला. गेम सुरू केला की वीस मिनिटांनी तो आपोआप बंद पडायचा. बाहेरून पाहिले तर काच, रंगीत दिवे, तीन पंखे, सगळे देखणे. मी एसएमपीएसचे चार स्क्रू काढून तो बाहेर ओढला आणि लेबल त्याच्यासमोर धरले. वर मोठ्या अक्षरांत ‘४५०’ लिहिले होते. वॅट हा शब्दच नव्हता. तो नुसता मॉडेलचा आकडा होता. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ ॲम्पिअर असे छापले होते. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना लागणारी जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या तारेवरून येते, त्यामुळे त्या डबीचा खरा दम २१६ वॅटचा होता. तो मुलगा बराच वेळ ते लेबल हातात घेऊन बसला होता.

तुमच्या पीसीचे गणित करून पाहा. १२४००एफ प्रोसेसर पूर्ण जोरावर ११७ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून पन्नासेक वॅट धरा. बेरीज २८० च्या आसपास येते. त्यामुळे लेबलवर १२ व्होल्टला ३५ ॲम्पिअर, म्हणजे ४२० वॅट, असलेला खरा ४५० वॅटचा एसएमपीएस आज पुरेसा आहे, जरी कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटची शिफारस करते. कंपनी हात राखून आकडा देते, कारण कोणाच्या पीसीत कसला एसएमपीएस असेल हे तिला माहीत नसते. शिवाय ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा बरीच जास्त वीज ओढते आणि हलका एसएमपीएस त्या झटक्यालाच मान टाकतो. ‘८० प्लस ब्राँझ’ची खूणही पाहा, पण ती खूण फक्त विजेच्या वापरातली कार्यक्षमता सांगते. आतले कपॅसिटर किंवा शॉर्ट सर्किटपासूनचे संरक्षण कसे आहे हे त्यावरून कळत नाही. एसएमपीएसवर कंपनीचे नाव आणि पूर्ण मॉडेल क्रमांक नसेल, तर तो बदलायचाच आहे असे धरून हिशेब करा.

ग्राफिक्स कार्डासाठीच्या तारा किती आहेत हेही त्याच वेळी मोजा. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात आणि आठ पिनांच्या एका तारेतून १५० वॅट. म्हणजे एसएमपीएसमधून अशी एकच तार निघत असेल तर पुढचे कार्ड २२५ वॅटच्या आतलेच बसेल. आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॅटचे आहे, ते चालून जाईल. आरटीएक्स ५०७० मात्र २५० वॅटचे आहे आणि त्यासाठी ६५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस आहे.

आता मदरबोर्ड आणि कॅबिनेट. तयार पीसी दोन प्रकारचे असतात. एक प्रकार बाजारातले सुटे भाग आणून जुळवणाऱ्यांचा. त्यात असलेला मदरबोर्ड तुम्हाला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही शहरातल्या संगणकाच्या दुकानात सुटा मिळतो. दुसरा प्रकार काही मोठ्या कंपन्यांचा. त्या आपल्या मापाचा मदरबोर्ड, आपल्या मापाचा एसएमपीएस आणि त्यालाच बसेल असे कॅबिनेट बनवून घेतात. अशा पीसीत बिघाड कमी असतो असा माझा अनुभव आहे आणि ऑफिससाठी मी तो आनंदाने सुचवतो, पण पुढे वाढवायचा असेल तर तो प्रत्येक वळणावर अडवतो. एसएमपीएस बदलायला जावे तर मदरबोर्डाला २४ पिनांऐवजी वेगळाच जोड. मदरबोर्ड बदलायला जावे तर कॅबिनेटची भोके जुळत नाहीत. एका ग्राहकाच्या अशा पीसीत नवे कार्ड बसवताना हार्ड डिस्कचा पिंजरा जेमतेम चार मिलिमीटरने आडवा आला होता, आणि तो पिंजरा रिव्हेटने ठोकलेला होता.

यातला फरक ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, एक मोजपट्टी पुरते. पीसी मागून पाहा. यूएसबीची आणि इतर तोंडे ज्या पत्र्यातून बाहेर येतात तो पत्रा वेगळा, दाबून बसवलेला आयताकृती तुकडा असेल, तर मदरबोर्ड प्रचलित मापाचा आहे. ती भोके थेट कॅबिनेटच्याच पत्र्यात कापलेली असतील तर सावध व्हा. हल्ली काही चांगल्या मदरबोर्डांवर तो तुकडा मदरबोर्डालाच जोडलेला येतो, तेही चालते. एसएमपीएसची मागची बाजू १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच भरली, तर तो नेहमीच्या एटीएक्स मापाचा आहे आणि उद्या कोणताही दुसरा त्या जागी बसेल. काचेतून मदरबोर्डाच्या उजव्या काठावर दोन रांगांचा रुंद २४ पिनांचा जोड दिसायला हवा. शोरूममधला नमुना चालू असेल तर विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फॉर्मेशन’ उघडा. ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ या ओळीत मदरबोर्डाचे नाव असते. ते मोबाइलवर शोधा. तो मदरबोर्ड सुटा विकला जात असेल आणि त्याच्या बायॉसची (मदरबोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची) अद्यतने निर्मात्याच्या संकेतस्थळावर मिळत असतील, तर निम्मी काळजी मिटली.

एच६१० हा त्या पिढीतला सर्वांत साधा चिपसेट आहे आणि त्याच्या मर्यादा आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. रॅमचे स्लॉट दोनच. थेट मदरबोर्डावर बसणाऱ्या एम.२ एसएसडीची जागा (तुमची एनव्हीएमई तिथेच असते) बहुतेक मदरबोर्डांवर एकच, आणि तीही पीसीआय एक्सप्रेस ३.० या जुन्या पिढीच्या वेगाची. म्हणजे ५१२ जीबी भरल्यावर दुसरी एसएसडी साटा तारेची, अडीच इंची, लावावी लागेल. गेम साठवायला ती पुरेशी आहे. फाइल उघडताना या दोन एसएसडींत जाणवणारा फरक लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी असतो.

रॅमची दुसरी पट्टी मात्र लांबणीवर टाकू नका. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पोचवते. दोन पट्ट्या दोन मार्गांवर लावल्या की ५१.२ जीबी. सरासरी फ्रेम रेटमध्ये (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येत) हा फरक कधी कमी दिसतो, कधी जास्त, पण गेम मध्येच अडखळण्याचा त्रास दुसऱ्या पट्टीने ठळकपणे कमी होतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘दोनपैकी एक स्लॉट वापरात’ असे दिसते, ते शोरूममध्येच पाहून घ्या. त्याच वेगाची, शक्यतो त्याच कंपनीची पट्टी विक्रेत्याकडूनच बसवून घ्या आणि ती त्याच बिलावर लिहून घ्या, म्हणजे कॅबिनेट उघडल्याचा ठपका तुमच्यावर येणार नाही. ब्लेंडरचे काम वाढून ३२ जीबी लागले, तर दोन्ही पट्ट्या काढून १६-१६ च्या घ्याव्या लागतील. आजच्या भावात तो खर्च करू नये असे माझे मत आहे.

प्रोसेसर बदलण्याविषयी तुम्ही आवर्जून विचारले आहे, पण त्यावर फार शब्द खर्च करावेत असे मला वाटत नाही. मदरबोर्डावर प्रोसेसर ज्यात बसतो तो सॉकेट, एलजीए १७००, इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीपर्यंतच चालला. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेल नव्या सॉकेटकडे गेली. याच मदरबोर्डावर उद्या जुना आय७-१२७०० किंवा आय५-१३५०० बसवता येईल, बायॉसची साथ असेल तर. मात्र एच६१० च्या स्वस्त मदरबोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग हलका असतो आणि जास्त कोअरचा प्रोसेसर तिथे आपल्या पूर्ण जोराने चालत नाही. शिवाय १३व्या आणि १४व्या पिढीतले ६५ वॅट व त्यावरचे काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले आणि बायॉसमधून दुरुस्ती दिली. त्या काळात दुरुस्तीविना वापरलेला जुना प्रोसेसर विकत घेणे हा जुगार आहे. तुमचा १२४००एफ या दोषातला नाही. सहा कोअर आणि बारा थ्रेडचा हा प्रोसेसर आरटीएक्स ४०६० च्या जोडीला आणि त्याच्या पुढच्या एका कार्डालाही पुरेल.

कोणी तुम्हाला सांगेल की इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीच्या एएम५ सॉकेटचा पीसी घ्या, त्याला भविष्य आहे. ते खरे आहे. एएमडीने हा सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवण्याचे जाहीर केले आहे, आणि आधीच्या एएम४ मध्ये २०१७ चे मदरबोर्ड बायॉस बदलून २०२२ चा रायझेन ७ ५८००एक्स३डी चालवू शकले, हे मी स्वतः करून पाहिले आहे. पण एएम५ ला नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते आणि आजच्या भावात तुमच्या अंदाजपत्रकात ती बसत नाही. माझ्या ग्राहकांत नुसता प्रोसेसर बदलणारे फार थोडे. बहुतेक जण चार-पाच वर्षांनी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे त्रिकूट एकदम बदलतात. त्या दिवशी कॅबिनेट, एसएमपीएस, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड जसेच्या तसे पुढे नेता आले, तर आज घातलेल्या पैशांतला मोठा हिस्सा वाचतो. प्रचलित मापाविषयी इतका आग्रह धरतो तो याचसाठी. विंडोज मात्र बहुधा पुढे येणार नाही, कारण तयार पीसीसोबत येणारा परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो.

ग्राफिक्स कार्डाचे पहिले दुखणे वेगाचे नसेल, मेमरीचे असेल. नव्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रे) सर्वांत वरच्या पातळीवर ठेवले की ८ जीबी भरते आणि चित्र अडखळू लागते. टेक्स्चर एक पायरी खाली आणले की सुरळीत होते. ब्लेंडरमध्येही मोठा सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही की रेंडर (अंतिम चित्र तयार होण्याचे काम) रडत चालते किंवा थांबते. शिकण्याच्या पहिल्या दोन वर्षांत ही वेळ यावी असे वाटत नाही. पुढचे कार्ड घ्याल तेव्हा १६ जीबीचेच घ्या आणि तोपर्यंत मॉनिटर १०८० पिक्सेलचाच ठेवा. १४४० चा मॉनिटर आणला की हे कार्ड वर्षभर आधीच थकल्यासारखे वाटेल.

नागपूरचा उन्हाळा या हिशेबात धरलाच पाहिजे. खोलीत ४२ अंश असेल तर आतल्या प्रत्येक भागाचे तापमान थंड खोलीतल्यापेक्षा साधारण तेवढ्याच फरकाने वर जाते. ११५ वॅटचे कार्ड आणि ६५ वॅटच्या वर्गातला (११७ हा फक्त पूर्ण जोरावरचा आकडा) प्रोसेसर ही जोडी अशा हवेला मानवते, हा या पीसीचा खरा गुण आहे. पण कॅबिनेटचा दर्शनी भाग पूर्ण काचेचा असेल तर हवा आत येणार कुठून? समोर जाळी हवी, पुढून एक-दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा हवा. आत कार्डासाठी किती लांबीची जागा आहे तीही मोजून घ्या. ३०० मिलिमीटरच्या वर असेल तर बहुतेक मध्यम कार्डे बसतात. यूपीएस घ्याल तो ६०० व्हीएचा घेऊ नका. त्यातून सुमारे ३६० वॅट मिळतात, आणि मॉनिटर धरून तुमचा पीसी तीनशेच्या वर जातो. बॅटरी वर्षभर जुनी झाली की तो साथ सोडेल. १००० व्हीएचा घ्या, आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

वॉरंटीच्या बाबतीत असेंबल केलेला पीसी सरस आहे, हे मान्यच करायला हवे. सुट्या प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डावर सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते. तुमच्या तयार पीसीवर सगळ्याची मिळून एक. विक्रेत्याला ई-मेलवर दोन प्रश्न विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा: रॅम किंवा एसएसडी वाढवण्यासाठी कॅबिनेट उघडले तर वॉरंटी चालू राहते का, आणि ग्राफिक्स कार्डाला त्याच्या मूळ निर्मात्याची वॉरंटी सीरियल क्रमांकावर मिळते का. दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ आले तर बिलावर तो क्रमांक लिहून घ्या. वाढीव वॉरंटी दोन-अडीच हजारांत मिळत असेल तर ती घ्यावी. १२४००एफ मधला ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडून सेवा केंद्रात गेले की ते परत येईपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही, मग मुलाची परीक्षा असो की प्रकल्प. असेंबल करणाऱ्याला विचारताना ‘एफ’ नसलेल्या १२४०० चा भावही विचारा.

तर शनिवारी शोरूममध्ये जाल तेव्हा मोजपट्टी आणि मुलगा, दोघांनाही घेऊन जा. एसएमपीएसच्या लेबलचा फोटो मागा. बंद कप्प्यात असेल तर मागचे चार स्क्रू काढून दाखवायला सांगा. मदरबोर्ड आणि एसएमपीएस प्रचलित मापाचे निघाले आणि लेबलवर १२ व्होल्टला किमान ३० ॲम्पिअर दिसले, तर दुसरी पट्टी बसवून घेऊन हाच पीसी घ्या. लेबल कच्चे निघाले तर विक्रेत्याला एसएमपीएस बदलून द्यायला सांगा, फरक भरायची तयारी ठेवा. तो नाही म्हणाला तर ७८,००० चा पीसी असेंबल करून घ्या. मदरबोर्डच कंपनीच्या खास मापाचा असेल तर ६५,००० ला दिला तरी घेऊ नका. घरी आणल्यावर बदलून मिळण्याच्या मुदतीतच पहिल्या तीन संध्याकाळी सलग दोन-दोन तास एखादा जड गेम चालवा, आणि ब्लेंडरचा विनामूल्य मिळणारा बेंचमार्क कार्डावर व प्रोसेसरवर वेगवेगळा चालवून आलेले आकडे आणि तापमान मुलाला वहीत लिहून ठेवायला सांगा. एप्रिलमध्ये तेच पुन्हा चालवले की पंखे आणि धूळ यांनी किती फरक पाडला ते कळेल.